आणखी एक नदी : आठव्या भारतीय पायदळ डिव्हिजनची युद्धवर्षे

पलटणीला वंशावळ असते, डिव्हिजनला नसते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला सगळे ‘जंगी पलटण’ म्हणतात, १७६८ सालची. पेशवाई बुडाली, कंपनी गेली, राणीचे राज्य आले, पलटण होती तिथेच राहिली. आजोबा, बाप आणि नातू एकाच पलटणीत नोकरी करून गेल्याची घरे साताऱ्यापासून कोकणापर्यंत सापडतात. डिव्हिजनमध्ये अशी पिढीजात नोकरी कोणी करत नाही. ती लढाईसाठी जुळवतात, लढाई संपली की तिचे भाग सुटे होऊन जिकडचे तिकडे जातात. आठव्या भारतीय पायदळ डिव्हिजनचे आयुष्यही असेच अल्प होते. २५ ऑक्टोबर १९४० रोजी मेरठला ती उभी राहिली आणि युद्ध आटोपल्यावर तिचाही कारभार आवरला गेला. एवढ्या काळात ती इराक, इराण आणि सीरियातून इटलीत गेली आणि तिथल्या वीस महिन्यांत नद्यांमागून नद्या ओलांडत राहिली. ‘आणखी एक नदी’ हे तिच्यातले घोषवाक्य जवानांच्या थट्टेतूनच आले. एक नदी पार करून जरा पाठ टेकावी, तोच पुढच्या नदीचा हुकूम येई.

तिच्या खांद्यावरच्या चिन्हात लाल पार्श्वभूमीवर तीन पिवळी त्रिदळी पाने होती. पहिले सेनापती मेजर जनरल चार्ल्स हार्वे. रचना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे होती : तीन ब्रिगेडी, प्रत्येक ब्रिगेडीत तीन पलटणी, त्यांतली एक गोऱ्यांची आणि दोन हिंदी. त्याशिवाय तोफखाना, सॅपर (म्हणजे लष्करी अभियंते), सिग्नल, दवाखाने, वाहने आणि खेचरे. कागदावर हे नीटस दिसते. प्रत्यक्षात केंट परगण्यातला इंग्रज, कोकणातला मराठा, पंजाबी मुसलमान, शीख, डोग्रा, पठाण आणि गुरखा एकाच टेकडीवर लढणार होते, आणि त्यांच्यात धड एक सामाईक भाषा नव्हती. रोमन लिपीत लिहिलेली मोडकीतोडकी उर्दू हाच काय तो दुवा. स्वयंपाकही पलटणीगणिक वेगळा. हलाल आणि झटका मांसाचा पुरवठा निरनिराळा करावा लागे. आटा, डाळ, तूप आणि चहा-साखर वेळेवर पोहोचली की सेनापतीची अर्धी चिंता मिटे. लढाईच्या इतिहासात रसदवाल्यांना दोन ओळी मिळतात, हा सगळ्याच लष्करी इतिहासांचा जुना अन्याय आहे.

डिव्हिजनची पहिली कामगिरी तेलासाठी होती. १९४१ च्या उन्हाळ्यात ती इराकमध्ये होती आणि शेजारच्या इराणमधल्या अबादान तेलशुद्धी कारखान्यावर ब्रिटिशांचे सगळे लक्ष होते. २५ ऑगस्ट १९४१ रोजी पहाटे बसऱ्याकडून शत्त अल् अरब ओलांडून तिच्या हाताखालची चोविसावी ब्रिगेड अबादानवर उतरली, आणि दुसऱ्या तुकड्यांनी खुर्रमशहर घेतले. मोहीम काही दिवसांत उरकली. पहिली ओलांडलेली नदी ही, पण तिची आठवण पुढे फारशी कोणी काढली नाही. इटलीच्या मानाने ती नावेतली सफरच होती.

तोवर डिव्हिजन म्हणजे गरज पडेल तिकडे ब्रिगेडी उसन्या देणारे कोठार झाले होते. त्याची सर्वात जबर किंमत अठराव्या ब्रिगेडीने मोजली. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले आणि जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमध्ये घुसला. इराकमधली अठरावी ब्रिगेड घाईघाईने अल् अलामीनजवळ देर अल् शेन नावाच्या वाळवंटी खळग्यात नेऊन बसवली. तिच्यात एसेक्सची एक पलटण, अकराव्या शीख रेजिमेंटची चौथी आणि तिसऱ्या गुरखा रेजिमेंटची दुसरी पलटण होती. खडकाळ जमिनीत खंदक खणायला धड वेळ नव्हता, सुरुंग अपुरे होते, तोफा गोळा करून आणलेल्या होत्या. १ जुलै १९४२ रोजी वाळूच्या वादळाआडून जर्मन चालून आले. संध्याकाळपर्यंत ब्रिगेड मोडली आणि बहुतेक जवान कैद झाले. पण त्या दिवशी रोमेलच्या पंचावन्न रणगाड्यांपैकी अठरा तिथे खर्ची पडले आणि त्याचा एक अख्खा दिवस गेला. अलामीनची फळी भरून काढायला ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीला तो दिवस हवाच होता. अलामीनच्या कथांमध्ये ऑक्टोबरच्या मोठ्या लढाईचे नगारे इतके वाजतात की जुलैचा हा दिवस ऐकूच येत नाही. आठव्या डिव्हिजनला ती ब्रिगेड परत मिळाली नाही. तिच्या जागी एकविसावी ब्रिगेड आली, आणि तिच्याबरोबर आली जंगी पलटण : पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, लष्करी लिखाणात १/५. त्याच रेजिमेंटची पाचवी, ‘रॉयल’ म्हणवणारी पलटणही मशीनगनची पलटण म्हणून डिव्हिजनमध्ये होती. रेजिमेंटचे घर बेळगावला होते, त्यामुळे इटलीत मशीनगनच्या तडतडाटात मराठी शिव्या सर्रास ऐकू येत असणार, असे मानायला हरकत नाही.

जानेवारी १९४३ मध्ये मेजर जनरल डडली रसेल यांनी सूत्रे घेतली आणि शेवटपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. ‘पाशा’ या नावाने ते ओळखले जात. वर्षभर तुकड्यातुकड्यांनी वापरल्या गेलेल्या या फौजेला एक डिव्हिजन म्हणून लढायला शिकवणे हे त्यांचे पहिले काम. लेबनॉन-सीरियाच्या डोंगरांत सराव झाला. चढण, रात्रीची चाल, खेचरांवरची रसद आणि नदीवरचे पूल. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा नकाशाच जणू समोर ठेवून ही तालीम झाली.

२४ सप्टेंबर १९४३ रोजी डिव्हिजन तारांतोला उतरली.

इटलीचा नकाशा पाहिला की ‘आणखी एक नदी’ या थट्टेचे मर्म कळते. देशाच्या मध्यावर अपेनाइन डोंगराचा कणा आणि त्यावरून दोन्ही समुद्रांकडे उतरणाऱ्या नद्या. एड्रियाटिक किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या फौजेला या सगळ्या आडव्या येतात. नदी, पलीकडे चढण, चढणीवर दगडी गाव, गावापलीकडे उतार आणि पुन्हा नदी. माघार घेणाऱ्या जर्मनांना प्रत्येक ठिकाणी आयती तटबंदी मिळत होती. पूल उडवायचे, चढणीवर मशीनगन मांडायच्या, रस्त्यात सुरुंग पेरायचे आणि वाट पाहायची. त्यात इटलीचा पावसाळा आपल्या उलट. तो शरद ऋतूत सुरू होतो आणि हिवाळाभर रेंगाळतो. सकाळी गुडघाभर पाण्याचा ओढा संध्याकाळी माणूस वाहून नेतो.

त्रिन्यो नदी नोव्हेंबरच्या आरंभी ओलांडली आणि तुफिल्लोच्या डोंगरावर पहिली मोठी झटापट झाली. त्यानंतर सांग्रो. ही नदी रुंद, उथळ आणि लहरी. महिनाअखेरीस पुराने चढाई लांबली, पूल वाहून गेले, पलीकडच्या काठावर अडकलेल्या पलटणींना रसद पोहोचवताना दमछाक झाली. पलीकडच्या टेकडीवरचे मोझ्झाग्रोन्या गाव गुरख्यांनी रात्रीत घेतले, पहाटे जर्मन रणगाड्यांनी त्यांना मागे रेटले, आणि २९ नोव्हेंबरला ते पुन्हा घेतले. एकाच गावासाठी दोनदा लढणे हा पुढे या डिव्हिजनचा नेमच झाला.

आणि मग मोरो. नदी म्हणायलाही लाजावी असा हा ओढा, पण दोन्ही बाजूंना खोल, चिकण मातीची दरी. डिसेंबर १९४३ च्या दुसऱ्या आठवड्यात सॅपरांना तिथे बेली पूल टाकायचा होता. बेली पुलाचे भाग जोडत जोडत अलीकडच्या काठावरून पुढे ढकलतात आणि पलीकडे टेकवतात. तसे करायला मागे सरळ, लांब जागा लागते. इथे अलीकडच्या बाजूला रस्ता काटकोनात वळत होता आणि वळणाला लागून कडा होता, म्हणजे पूल जुळवायला जागाच नव्हती. अभियंत्यांनी पाहणी केली आणि ‘अशक्य’ असा शेरा मारला. मग भारतीय सॅपरांनी उलटा विचार केला. पुलाचे सुटे भाग रात्री पाठीवर आणि हातांवर पलीकडे, शत्रूच्या बाजूला नेले आणि तिकडून अलीकडे पूल बांधत आणला. शत्रू मारा करत होता, आणि त्यांचा पूल शत्रूच्याच दिशेकडून पुढे सरकत होता. सैनिकांनी त्याचे नाव ‘इम्पॉसिबल ब्रिज’ ठेवले. पुढे हेच नाव युद्धसन्मानांच्या अधिकृत यादीत गेले. एखाद्या पुलाच्या नावाने पायदळाला सन्मान मिळावा, हे एरवी दुर्मीळच.

त्या डिसेंबरात शेजारी कॅनेडियन डिव्हिजन ओर्तोना शहरात घराघरांतून लढत होती. ओर्तोनाचे नाव झाले. त्याच आठवड्यात आठव्या डिव्हिजनच्या एसेक्स पलटणीने व्हिल्ला ग्रांदे या खेड्यात तशीच घराघरांची लढाई केली, नाताळ तिथेच गेला, आणि गाव महिनाअखेरीस हाती आले. खेडे लहान म्हणून लढाईही लहान ठरली.

वसंतात डिव्हिजन गुपचूप डोंगर ओलांडून पश्चिमेला नेली. खांद्यावरची पिवळी पाने काढायला लावली, वाहनांवरची चिन्हे पुसली. लक्ष्य होते कसीनोचे खोरे आणि त्यातली गारी नदी. ही नदी फार रुंद नाही, पण खोल आहे, काठ सरळ तुटलेले आहेत आणि पाण्याची ओढ जबर. जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेच्या छत्तिसाव्या डिव्हिजनने इथेच, सांतांजेलो गावाखाली, ओलांडण्याचा प्रयत्न केला होता. दोन दिवसांत तिचे सुमारे सतराशे लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. आता तेच गाव आणि तीच नदी आठव्या डिव्हिजनच्या वाट्याला आली.

११ मे १९४४ च्या रात्री अकराला कसीनो ते समुद्र या आघाडीवर सोळाशेच्या आसपास तोफा एकदम सुरू झाल्या. त्याच आवाजात पायदळ होड्या उचलून नदीकडे निघाले. गारीच्या पाण्यावर आधीच धुके होते, त्यात जर्मनांचा धूर आणि तोफांची धूळ मिसळली. हाताच्या अंतरावरचे दिसेना. होड्या प्रवाहात गोल फिरून भलतीकडे लागत, उलटत. पलीकडे पोहोचलेले जवान समोरच्याच्या पट्ट्याला धरून ओळीने पुढे सरकत होते. दिवस उजाडला तेव्हा पलटणी काठालगतच्या चिखलात पडून होत्या आणि पुढच्या तारांमागून मशीनगन चालू होत्या.

तिथे आठव्या पंजाब रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतला शिपाई कमल राम होता. राजस्थानातल्या करौली भागातला, वय एकोणीस, आणि ही त्याची पहिलीच लढाई. समोरच्या आणि दोन्ही बगलांच्या मिळून चार मशीनगन चौक्यांनी कंपनी खिळवून ठेवली होती. कंपनी कमांडरने उजव्या चौकीमागे जायला कोण तयार आहे असे विचारले. कमल राम तारांखालून सरपटत गेला, एका मशीनगनवाल्याला गोळी घातली, दुसऱ्याने बंदूक धरली तसा त्याला संगीन मारली, पिस्तूल रोखलेल्या अधिकाऱ्याला पाडले, आणि न थांबता एकटाच दुसऱ्या चौकीकडे गेला. तिथल्या एका मशीनगनवाल्याला गोळी, दुसऱ्यावर हातबाँब, उरलेले शरण. तिसऱ्या चौकीवर तो एका हवालदाराबरोबर गेला. त्याला मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस सहाव्या जॉर्ज राजाने जुलैमध्ये इटलीच्या रणभूमीवरच त्याच्या छातीवर लावला.

पण पायदळ कितीही लढले तरी रणगाडे नदीपलीकडे आले नाहीत तर शत्रूच्या प्रतिहल्ल्यात सगळे संपते. अमेरिकनांचे तेच झाले होते. इथे १२ मेच्या सकाळी ‘ऑक्सफर्ड’ नावाचा पूल सॅपरांनी गोळीबारातच पूर्ण केला. दुसऱ्या, ‘प्लिमथ’ नावाच्या पुलाची युक्ती और होती. कॅनेडियन कॅलगरी रेजिमेंटबरोबरच्या कॅप्टन टोनी किंग्जमिल या अभियंत्याच्या कल्पनेवरून बेली पूल अख्खाच्या अख्खा एका बुरूज काढलेल्या शर्मन रणगाड्याच्या पाठीवर ठेवला. मागे दुसरा रणगाडा ढकलायला. पुढचा रणगाडा सरळ नदीत उतरला, आणि त्याच्या पाठीवरून पूल पलीकडच्या काठाला टेकला. रणगाड्याची ही जलसमाधी ठरवूनच होती. त्या पुलावरून कॅनेडियन रणगाडे पलीकडे गेले. १३ मे रोजी गुरख्यांनी सांतांजेलो घेतले, १५ ला पिन्यातारो पडले. पोलिश सैन्याने १८ मे रोजी कसीनोच्या मठावर झेंडा लावला आणि जगाच्या आठवणीत तोच राहिला. खाली खोऱ्यातून रोमचा रस्ता उघडणाऱ्यांत मात्र गारी ओलांडणारे पुढे होते.

४ जूनला रोम पडले. डिव्हिजन तिबेर नदीच्या खोऱ्याने पेरुजाकडे जर्मनांचा पाठलाग करत गेली. जून संपताना तिला विसावा मिळाला आणि तिची जागा दहाव्या भारतीय डिव्हिजनने घेतली. इथे एक खुलासा गरजेचा वाटतो, कारण मराठी लिखाणात ही गल्लत वारंवार दिसते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना १० जुलै १९४४ रोजी तिबेरच्या याच खोऱ्यात केलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे, म्हणजे दहाव्या डिव्हिजनचे. रेजिमेंट एक, खोरे एक, डिव्हिजन वेगळी. त्यांची कथा आठव्या डिव्हिजनच्या नावावर मांडली की त्या तिसऱ्या पलटणीच्या श्रमांचे श्रेय हरवते. मॉन्तोने गावात २०२३ मध्ये घाडगे यांचे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले आहे.

जुलैत डिव्हिजन फ्लोरेन्सच्या दिशेने निघाली, आणि इथे तिच्या इतिहासात असा एक प्रसंग येतो जो कुठल्याही रणनीतीच्या पुस्तकात बसत नाही. फ्लोरेन्सच्या नैर्ऋत्येला मॉन्तेगुफोनी नावाचा जुना किल्लेवजा वाडा आहे. तो सिटवेल या इंग्रज घराण्याच्या मालकीचा होता. जुलै १९४४ च्या अखेरीस एकविसावी ब्रिगेड तिथे पोहोचली तेव्हा तळघरांत आसपासचे निर्वासित दाटीने राहत होते आणि दिवाणखान्यांत भिंतींना टेकवून चित्रे ठेवली होती. बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी इटालियनांनी फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातला खजिना तिथे आणून ठेवला होता. संग्रहालयाचे ग्रंथपाल चेझारे फासोला लढाईच्या रेषा ओलांडून चालत येऊन त्याची राखण करत बसले होते. त्यात जोत्तो होता, चिमाबुए होता, उच्चेल्लोची सान रोमानोची लढाई होती, आणि बोत्तिचेल्लीची ‘प्रिमाव्हेरा’ होती.

तोफांचा आवाज तेव्हाही चालू होता. ब्रिटिश लेखक एरिक लिंक्लेटर आणि बीबीसीचे विनफर्ड व्हॉन-टॉमस तिथे पोहोचले तेव्हा जवान या चित्रांच्या शेजारीच वावरत होते. चित्रे कोणती आहेत हे कळल्यावर मराठा पलटणीचे पहारे बसवले गेले. इटलीच्या प्रबोधनकाळातील सर्वात प्रसिद्ध चित्रांपैकी एकासमोर संगीन लावलेला शिपाई बेळगावच्या परेड ग्राउंडवरून आलेला होता, हे दृश्य कलेच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. त्या शिपायाला चित्र आवडले की नाही याची नोंद नाही. नोंद एवढीच की खजिना सुखरूप राहिला. कित्येक वीरगाथांपेक्षा ही कामगिरी काकणभर सरसच म्हणावी लागेल.

फ्लोरेन्सनंतर आर्नो, मग सिएव्ह, आणि मग पुन्हा डोंगर. जर्मनांची ‘गॉथिक’ तटबंदी अपेनाइनच्या माथ्यावरून जात होती. सप्टेंबर १९४४ मध्ये डिव्हिजन अमेरिकन पाचव्या आर्मीच्या उजव्या अंगाला होती आणि एकविसाव्या ब्रिगेडीसमोर आल्पे दी व्हितिल्यानोचा उघडा, दगडी माथा. लेबनॉनच्या सरावाचे इथे चीज झाले. रस्ता संपला की जीप थांबत, जीपची वाट संपली की खेचरे, आणि खेचराचा पाय घसरू लागला की माणसाची पाठ. ऑक्टोबरपासून पावसाने झोडपले. चिखल इतका की जखमी माणूस स्ट्रेचरवरून खाली आणायला हमालांच्या जोड्या बदलत राहाव्या लागत.

याच चढाईत १० नोव्हेंबर १९४४ रोजी मॉन्ते सान बार्तोलोवर पाचव्या गुरखा रायफल्सचा थमन गुरुंग पडला. टेहळणीसाठी पुढे गेलेल्या तुकडीचा हा स्काउट. तुकडीला माघार घ्यायला वेळ मिळावा म्हणून तो उघड्या माथ्यावर पुन्हा पुन्हा चढून गोळीबार करत राहिला. त्याला क्रॉस मरणोत्तर मिळाला.

नाताळचा विसावा यंदाही लाभला नाही. लुक्काच्या बाजूला सेर्क्यो नदीच्या खोऱ्यात अमेरिकेची ब्याण्णवावी डिव्हिजन होती. २६ डिसेंबरला जर्मन आणि इटालियन फॅसिस्ट तुकड्यांनी तिच्यावर अचानक हल्ला करून फळी फोडली. आधीच त्या बाजूला हलवलेल्या एकोणिसाव्या आणि एकविसाव्या ब्रिगेडीने भगदाड बुजवले. माघार घेणारे अमेरिकन या ब्रिगेडींच्या रांगांतून मागे गेले, आणि वर्ष संपायच्या आत बार्गा गाव परत हाती आले.

आता शेवटची मोठी नदी, सेन्यो. पो नदीच्या सपाट प्रदेशात नद्या जमिनीच्या पातळीवर वाहत नाहीत. पुरापासून शेते वाचवण्यासाठी दोन्ही काठांना मातीचे उंच बांध घातलेले असतात. सेन्योचे बांध वीस-पंचवीस फूट उंच होते. जर्मनांनी त्या बांधांच्या पोटात बिळे पोखरून मशीनगन बसवल्या होत्या. काही ठिकाणी अलीकडच्या बांधाची आतली बाजूही त्यांच्याकडे होती. हिवाळाभर दोन्ही फौजा एकाच बांधाच्या दोन कुशींना, हातबाँब फेकण्याच्या अंतरावर बसून होत्या.

९ एप्रिल १९४५ रोजी दुपारी बाँबफेकी विमाने आली आणि मग तोफा. या तोफांत एक डाव होता. मारा थांबे, जर्मन बिळांतून बाहेर येऊन मशीनगनवर बसत, आणि मारा पुन्हा सुरू होई. असे कैकदा झाले. शेवटच्या वेळी, सायंकाळी सातनंतर, मारा थांबला तेव्हा तोफगोळ्यांऐवजी बांधावर ज्वालाफेके रणगाडे आले आणि त्यांच्यामागोमाग पायदळ.

तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या सहाव्या पलटणीतला कोहाटकडचा शिपाई अली हैदर याच्या तुकडीतले फक्त तिघे पाण्यापलीकडे पोहोचले. उरलेल्या दोघांनी आड घेऊन गोळीबार करावा आणि आपण पुढे जावे, असे त्याने स्वतःच ठरवले. कोणाचा हुकूम नव्हता. पहिली चौकी घेताना तो जखमी झाला, दुसऱ्या चौकीपुढे पुन्हा जबर जखमी झाला, तरी सरपटत जाऊन त्याने हातबाँब टाकला आणि चौकीवर चालून गेला. आतले दोघे जखमी झाले, दोघे शरण आले.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर जंगी पलटणीचा शिपाई नामदेव जाधव होता. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा, वय तेवीस. तो कंपनीचा निरोप्या होता. त्याचे काम कंपनी कमांडरजवळ राहून निरोप पोहोचवण्याचे. पूर्वेच्या बांधावर चढताना त्याच्याबरोबरची छोटी टोळी जवळजवळ संपली. जाधवने एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणून ठेवले. मग दुसऱ्यासाठी परत गेला. हे दोन्ही फेरे गोळीबारातच झाले. तेवढ्यावर कोणी थांबला असता तरी त्याचे नाव राहिलेच असते. जाधव तिसऱ्यांदा नदी ओलांडून गेला. पहिल्या चौकीवर टॉमीगनने मारा करताना हाताला गोळी लागली आणि बंदूक धरता येईना, मग त्याने ती टाकली आणि हातबाँबांवर आला. बाँब संपले की मागे येऊन आणखी घेऊन जायचे. अशा तीन चौक्या त्याने बंद केल्या. शेवटी तो बांधाच्या माथ्यावर उभा राहिला, मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागे थांबलेल्या कंपन्यांना हाताने या, या म्हणून बोलावले. निरोप्याने अखेर निरोप पोहोचवला, तो असा.

पुलाची जागा मोकळी झाली, रात्रीत पूल पडले. सान्तेर्नो दोन दिवसांत पार झाली, मग पो, मग आदिज. २ मे १९४५ रोजी इटलीतल्या जर्मन फौजा शरण आल्या.

इटलीत डिव्हिजनचे दोन हजारांहून अधिक लोक मारले गेले, आठ हजारांहून अधिक जखमी झाले. इटलीत भारतीय सैन्याला मिळालेल्या सहा व्हिक्टोरिया क्रॉसपैकी चार तिच्या नावावर आहेत. सांग्रोच्या काठच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे एका स्वतंत्र स्मारकावर कोरलेली आहेत. त्यात मराठी आडनावे शोधावी लागत नाहीत, ती दिसतातच.

डिव्हिजन मायदेशी आली ती जपानविरुद्ध वापरायच्या इराद्याने. ऑगस्टमध्ये ते युद्धही संपले. मग पलटणी आपापल्या रेजिमेंटांच्या केंद्रांकडे परतल्या, आणि १९४७ मध्ये रेजिमेंटांचीच वाटणी झाली. आठवी पंजाब, पंधरावी पंजाब, दोन्ही फ्रंटियर रेजिमेंटी आणि डिव्हिजनसाठी टेहळणी करणारे सहावे लान्सर पाकिस्तानकडे गेले. जंगी पलटण आणि पाचवे गुरखा भारताकडे राहिले. कमल राम पंजाब रेजिमेंटचा होता, पण त्याचे गाव राजस्थानात होते. तो भारताच्या सैन्यात राहिला. सेन्योच्या बांधावर एकाच संध्याकाळी क्रॉस मिळवणाऱ्या दोघांपैकी अली हैदर पाकिस्तानात गेला आणि नामदेव जाधव महाराष्ट्रात परतला. जाधवांचे निधन १९८४ मध्ये पुण्यात झाले. ‘सेन्यो’ हा युद्धसन्मान मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत आहे, आणि सीमेपलीकडच्या फ्रंटियर फोर्सच्या यादीतही.